फुल्यांची द्विशताब्दी आणि तालमीची हजेरी : राज्यातील महापालिकांना खुले पत्र

मा. महापौर, मा. आयुक्त, स्थायी समितीचे सभापती आणि सर्व नगरसेवक,
राज्यातील तमाम महापालिका,

स. न. वि. वि.

११ एप्रिल २०२७ रोजी महात्मा जोतिराव फुले यांच्या जन्माला २०० वर्षं पूर्ण होतात. हे तुम्हाला सांगायला नको. जयंत्या-पुण्यतिथ्यांचं कॅलेंडर तुमच्याकडं आमच्यापेक्षा पक्कं असतं. कार्यक्रमपत्रिकाही साधारण डोळ्यांसमोर येते. सकाळी पुतळ्याला हार, मग शोभायात्रा, चौकात कमान, रात्री रोषणाई. पाच वाजता ठरलेलं आणि सात वाजता सुरू होणारं व्याख्यान. आणि वर्ष मोठं म्हणून मैदानावर एखादं महानाट्य : ध्वनिमुद्रित संवाद, मागं एलईडीचा भलामोठा पडदा, धुराचं यंत्र, घोडे. फुल्यांच्या चरित्रात एवढे घोडे कुठून आणणार, हा प्रश्न निविदेत कुणी विचारत नाही.

हे सगळं करा किंवा करू नका, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मागणी एकच आहे. द्विशताब्दीसाठी जी रक्कम बाजूला काढाल, तिच्यातल्या थोड्या पैशात तुमच्याच सफाई कामगारांकडून फुल्यांचं एक नाटक बसवून घ्या. आणि तालमीचा वेळ कामाचा वेळ धरा. मागणीचा पहिला भाग ऐकून बैठकीत माना डोलतील. अडेल ते दुसऱ्या भागावर, म्हणून हे पत्र मुख्यतः त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे.

आधी एक आठवण करून देतो, कारण ती थेट तुमच्या घरातली आहे. जोतिराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारायचं ठरलं आणि त्यासाठी हजार रुपयांचा ठराव सभेपुढं आला. ३२ सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी त्याला विरोध केला. हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ठराव अर्थातच मंजूर झाला. पुण्यात नवी मंडई बांधायचं घाटलं तेव्हाही या खर्चाआधी शिक्षणाचं बघा, अशीच त्यांची भूमिका होती. मंडई उभी राहिली, तिला गव्हर्नर रे यांचं नाव लागलं, आणि पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. विरोध करणाऱ्याला आपण असं गोड करून घेतो. तेव्हा कमानीच्या खर्चाला मंजुरी देताना इतिवृत्तात निदान एवढी नोंद असू द्या, की सत्कारमूर्ती स्वतः सभागृहात असते तर त्यांनी विरोधात मत दिलं असतं.

आता नाटकाकडं येतो. सफाई कामगारांनी फुल्यांचं नाटक करणं ही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. ते पुण्यात झालेलं आहे. गो. पु. देशपांडे यांनी नव्वदीच्या सुरुवातीला ‘सत्यशोधक’ हे फुल्यांवरचं नाटक लिहिलं. दिल्लीच्या जन नाट्य मंचानं ते हिंदीत केलं. मराठी रंगभूमीवर त्याला खरा जीव आला तो २०१२ साली. अतुल पेठे यांनी ते दिग्दर्शित केलं, पुणे महानगरपालिका कामगार युनियननं ते उभं केलं आणि युनियनच्या नेत्या मुक्ता मनोहर त्यामागं खंबीरपणे उभ्या राहिल्या. ओंकार गोवर्धन जोतिराव झाले, पर्ण पेठे सावित्रीबाई. असे थोडे नाटकवाले सोडले तर रंगमंचावर उभी होती ती पुण्याचे रस्ते झाडणारी, कचरा उचलणारी माणसं. एकदोन प्रयोग करून, फोटो काढून विषय मिटला नाही. प्रयोगांची संख्या शंभराच्या घरात गेली. आज व्यावसायिक नाटकाचा निर्मातासुद्धा एवढ्यावर पेढे वाटतो.

मला या प्रयोगातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते ती नाटककाराबद्दलची. गोपु म्हणजे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनचा अभ्यास शिकवणारे प्राध्यापक. १९७४ च्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’पासून त्यांची ओळख ‘चर्चानाट्य’ लिहिणारा माणूस अशी. खुर्च्यांवर बसून विचारी माणसं विचारांवर बोलतात, फार काही घडत नाही, आणि तरी प्रेक्षक खिळून बसतो, अशी त्यांची नाटकं. त्यांचा वाचक, त्यांचा प्रेक्षक कोण, हे सांगायला नको. त्या माणसाचं वाक्य पहाटे सहाच्या हजेरीला उभं राहणाऱ्या माणसाच्या तोंडून आलं, तेव्हा त्यातला युक्तिवाद पातळ झाला नाही. उलट त्याला धार आली. गोपुंची भाषा सोपी करून घ्यावी लागेल असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी गोपुंनाही ओळखलं नव्हतं आणि कामगारांनाही. १६ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपु गेले. हे सगळं त्यांच्या हयातीत घडलं, याचं मला आजही बरं वाटतं.

पेठ्यांनी आधी याच कामगारांच्या जगण्यावर ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला होता, हे विसरू नका. म्हणजे ओळख आधीची होती. जयंती आली म्हणून कुणी कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी लागते तिथं, जाऊन ‘चला, कोण कोण नाटकात काम करणार?’ असं विचारलं नव्हतं. तुम्ही हे काम हाती घेतलंत तर दिग्दर्शकही असाच शोधा, चार महिने कोठीवर चहा प्यायला तयार असणारा. निविदेत सगळ्यात कमी दर भरला तो दिग्दर्शक, असं करू नका.

त्या प्रयोगावर कौतुकानं बरंच बोललं-लिहिलं गेलं. त्यातल्या एका शब्दानं मात्र मी दरवेळी वैतागतो : ‘सफाई कामगार असूनही’. असूनही काय? समूहाची दृश्यं बसवताना दिग्दर्शकाचा घाम निघतो. सराईत नटांचा जमाव रंगमंचावर उभा राहिला की प्रत्येक जण आपापला वेगळा अभिनय करत असतो. एक कपाळावर हात मारतो, दुसरा मान हलवतो, तिसरा प्रेक्षकांत आपला मामा आलाय का बघतो. वर्षानुवर्षं एका टोळीत काम केलेली माणसं उभी राहतात ती एकत्र. कुणी आधी पुढं व्हायचं, कुणी ओझ्याखाली खांदा द्यायचा, हे त्यांना सांगावं लागत नाही. आवाजाचंही तसंच. रहदारीतून पलीकडच्या फुटपाथवरच्या जोडीदाराला हाक मारणाऱ्या बाईला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकवायची गरज नसते, थोडा खाली आणायला शिकवावं लागतं.

तर, ‘सत्यशोधक’ करा. ते जमणार नसेल तर फुल्यांनी स्वतःच लिहिलेलं नाटक करा.

फुल्यांनी नाटक लिहिलं होतं हे अजूनही पुष्कळांना नवं असतं, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. १८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जोतिरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ होऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. मराठी नाटक अजून देव-दानवांत रमलेलं होतं. आणि इथं रंगमंचावर कोण? एक गरीब कुणबी, त्याची गरोदर बायको, तिला ग्रहांची भीती घालणारा जोशी, एक पाद्री आणि मधे मधे तोंड घालून सगळ्यांचं बिंग फोडणारा विदूषक. जोशी ग्रहशांती आणि ब्राह्मणभोजनाच्या नावाखाली त्या जोडप्याला नागवतो, पैशासाठी त्यांना कर्ज काढायला लावतो. शेवटी नवरा-बायको ठरवतात, आपण रात्रीच्या शाळेत जायचं. शाळा कुणाची? जोतिरावांची आणि सावित्रीबाईंची. नाटककारानं स्वतःच्या शाळेची जाहिरात स्वतःच्या नाटकात केली म्हणायला हरकत नाही. पण शाळा खरोखरची होती आणि नाटक पाहून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन बसू शकत होता.

फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडं पाठवलं. पेशवाईतल्या ब्राह्मणांच्या दक्षिणेचा पैसा पुढं मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडं वळवला गेला, ती ही कमिटी. तिनं नाटक नाकारलं. त्याबद्दलचा राग फुल्यांनी पुढं ‘गुलामगिरी’त लिहूनही ठेवला आहे. ते छापून लोकांसमोर आलं १९७९ साली. लिहिल्यापासून १२४ वर्षांनी. एवढी वर्षं एका नाटकाला वाट बघायला लावल्यावर द्विशताब्दीला त्याचा एक नेटका प्रयोग प्रत्येक महापालिकेच्या नाट्यगृहात व्हावा, यात फार मागितलं असं होत नाही.

मी एक हौशी नाटकवाला. आमच्या शहराचं नाव इथं घेत नाही. आम्ही मध्यंतरी एका आरोग्य कोठीवर ‘तृतीय रत्न’चं वाचन सुरू केलं होतं. कोठी म्हणजे पत्र्याची खोली. भिंतीला टेकवलेले झाडू, कोपऱ्यात पावडरची पोती, दाराशी हजेरीचं यंत्र. दुपारची हजेरी लागली की माणसं अर्धा-पाऊण तास थांबायची. पहिल्या दिवशी जोश्याचं काम करायला कुणी तयार होईना, आणि विदूषकासाठी मात्र तिघांत भांडणं. कारण सरळ होतं. मुकादमाच्या तोंडावर जे बोलावंसं वाटतं आणि बोलता येत नाही, ते सगळं विदूषक बोलतो.

कुणब्याच्या बायकोचं काम एका मावशींकडं आलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या नातीनं संवाद मोबाइलवर वाचून भरून दिले. मावशी एका कानात वायर घालून सकाळी रस्ता झाडायच्या आणि वाक्यं पुटपुटायच्या. मुकादमानं विचारलं, कुणाशी बोलताय? मावशी म्हणाल्या, ‘जोश्याशी भांडतेय.’ वाक्यं म्हणताना त्या एका जागी थांबल्या, जिथं शांतीच्या खर्चाचा विषय निघतो तिथं. म्हणाल्या, आमच्याकडं जोशी नाही आला, बाबा आला होता, सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी. पतपेढीतून उचल काढून त्याला दिली, हप्ता अजून पगारातून कापला जातोय. मग पुढचं वाक्य त्यांनी असं म्हटलं, की जोश्याचं काम करणारा मुलगा कागदावरून नजर वर काढेना. मी आयुष्यात बऱ्याच तालमी बघितल्या आहेत. अशी कमी.

ते नाटक रंगमंचावर आलं नाही. गटातली निम्मी माणसं ठेकेदाराकडची होती. वाचनासाठी थांबलं की दुसऱ्या पाळीला उशीर. उशीर झाला की खाडा. खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले. कायम असलेल्यांचीही प्रभाग बदलून पांगापांग झाली. तक्रार करावी असा दुष्टपणा कुणीच केला नाही. नियमाप्रमाणं चाललं, आणि नियमात तालीम नावाचा रकानाच नव्हता.

म्हणून मागणीचा दुसरा भाग. कर्मचारी कबड्डीच्या स्पर्धेला जातो तेव्हा त्याला विशेष रजा मिळते, त्याची बिनपगारी धरत नाहीत. शासकीय-निमशासकीय नोकरीत खेळाडूंसाठी हे सर्रास चालतं आणि चालायलाच हवं. तोच न्याय नाटकाला लावा. गटाला तीन महिने रोज दोन तास कर्तव्यकाळ म्हणून द्या, लेखी आदेश काढून. त्या दोन तासांची जागा भरायला बदली कामगार घ्या. आणि तो आदेश ठेक्यावरच्या माणसांनाही लागू करा. मजुरी ठेकेदाराच्या बिलातून कापली जाणार नाही, हे त्यातच लिहा. शेवटचं वाक्य लेखा विभागाला झोंबेल, ठाऊक आहे. पण ते नसेल तर बाकीच्या आदेशाला अर्थ नाही, कारण आज कित्येक शहरांत झाडू धरणारे हात बहुतांशी ठेक्यावरचेच आहेत.

कुणी म्हणेल, यानं शहराची सफाई अडेल. तीस माणसांचे दोन तास गेल्यानं शहर घाण होत असेल तर अडचण नाटकात नाही, तुमच्या रिक्त पदांत आहे. कुणी म्हणेल, कामगारांसाठी कामगार कल्याण मंडळाची नाट्यस्पर्धा आहे की. आहे, आणि तिनं गिरण्या-कारखान्यांतले किती तरी नट रंगभूमीला दिले. पण स्पर्धेला उतरायला आधी तालीम व्हावी लागते, आणि आपण पुन्हा त्या रकान्यापाशी येतो. कुणी म्हणेल, सफाई कामगारच का, कारकून का नाहीत? कारकुनांनीही करावं. त्यांची स्नेहसंमेलनं होतात, त्यांना खोली मिळते, वेळ मिळतो, टाइपिंगही मिळतं. रात्रीच्या शाळेत कारकुनानं जावं म्हणून फुल्यांनी नाटक लिहिलं नव्हतं, एवढं फक्त सुचवतो.

संहितेबद्दल दोन गोष्टी. फुले गोड बोलणारे नव्हते. ‘तृतीय रत्न’मध्ये जोश्याची जी धुलाई आहे ती तशीच राहू द्या. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र काढायचं ते काढा, पण त्याआधी तुमच्या जनसंपर्क अधिकाऱ्यानं लाल पेन चालवू नये. भावना दुखावतील या धास्तीनं जोश्याचा ‘एक अज्ञानी गृहस्थ’ केलात तर विदूषकाला बोलायला काही उरणार नाही.

दुसरी गोष्ट हात जोडून सांगतो. नाटकात ओला कचरा-सुका कचऱ्याचा संदेश घुसडू नका. हे होणार, मला खात्री आहे. कुठल्या तरी बैठकीत कुणी तरी म्हणणार, एवढे सफाई कामगार रंगमंचावर आहेतच, तर स्वच्छ सर्वेक्षणाचं एक गाणं घालू, निधीही त्या लेखाशीर्षातून मिळेल. कामगार दिवसभर तुमचा कचरा वेगळा करतो. रात्री दोन तास त्याला वेद, शास्त्र, सावकारी, शिक्षण, बाईचं जिणं यांवर बोलू द्या. ‘सत्यशोधक’ पाहताना पुण्यातला प्रेक्षक हादरला तो याचमुळं. ज्याच्याशी आपला संबंध फक्त डब्यापुरता, तो माणूस आपल्याला आपला इतिहास समजावून सांगत होता.

नाट्यगृहांविषयी बोलू लागलो तर हे पत्र संपणार नाही. पडदा वर जाताना अडकतो, विंगेत उंदीर फिरतात, कलाकारांच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी नसतं. हे सगळं तुम्हाला दर महिन्याला कुणी ना कुणी लिहीतच असतं. इथं एवढंच की या नाटकाला भाडं आणि अनामत माफ करा, आणि तारीख शनिवार-रविवारची द्या. मंगळवारी दुपारचा प्रयोग देऊन ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असा अहवाल लिहिणं सोपं असतं.

एक ठराव, एक आदेश, एक दिग्दर्शक, आणि वेळेवर सुरुवात. अंदाजपत्रकात तरतूद व्हायची असेल तर विषय स्थायी समितीपुढं वेळेत यायला हवा, हे तुम्हाला मी शिकवायला नको. ठरावाचा मसुदा हवा असेल तर आम्ही लिहून देतो, फुकट.

कळावे.

आपला,
एक हौशी रंगकर्मी

ता. क. : प्रयोगाच्या दिवशी पहिल्या तीन रांगा पासवाल्यांसाठी अडवून ठेवू नका. तिथं कोठीवरच्या माणसांची घरची मंडळी बसतील. आपल्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं, चौथ्या रांगेपासून जागा आहे. तिसऱ्या घंटेनंतर दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगत होणार नाही. मावशींना पहाटे सहाला पुन्हा हजेरी असते.